एका माणसाला एकच मुदत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संतापी माणूस दापोडीपासून देहूरोडपर्यंत झाला नाही, आणि त्यांचा सगळा संताप राज्यपालांवर होता. माणसं बायकोवर चिडतात, साहेबावर चिडतात. काका राज्यपालांच्या मुदतीवर चिडत. म्हणायला पाच वर्षं, पण दिल्लीची मर्जी फिरली की वर्षात घरी, आणि मर्जी राहिली की इथून उठून दुसऱ्या राज्यात पुन्हा खुर्ची. एका माणसाला एकच मुदत, एक दिवस कमी नाही की जास्त नाही, हे ते चिंचवडच्या थांब्यावर पहिल्या शिफ्टच्या लोकांना समजावत आणि त्या नादात त्यांची स्वतःची बस निघून जाई. त्याचाही राग ते राज्यपालांवरच काढत.

एकदा कंपनीच्या नव्या शेडच्या उद्घाटनाला खुद्द राज्यपाल आले. टूलरूमचे सुपरवायझर म्हणून काका रांगेत होते. हात मिळवताच त्यांनी विचारलं, “साहब, कब तक बैठेंगे?” मॅनेजर पांढराफटक पडला. राज्यपाल मात्र हसून म्हणाले, दिल्ली बसवील तोवर. काका धुमसतच घरी आले.

“माणूस सज्जन निघाला हो,” ते मला म्हणाले. “आता तर जास्तच संताप येतोय.”

राज्यपाल काही हाती लागेनात, तेव्हा काकांनी आमच्या सोसायटीला धरलं. अध्यक्षाला तीन वर्षांची एकच मुदत, असा नियम करून घेतला आणि पहिले अध्यक्ष स्वतःच झाले. वस्ती नवी, पाणी टँकरचं, त्यावर रोज भांडणं. काकांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून, जो भेटेल त्याच्यावर खेकसून नळाची लाईन आणली. पाणी सुटायला आठवडा राहिला आणि मुदत संपली. आम्ही सगळ्यांनी विनवलं, तेवढे दिवस तरी थांबा. काका उसळले.

“तेवढेच दिवस म्हणून सगळे बसतात. मग उठत कुणी नाही.”

आवारातला नळ सोडला तो नव्या अध्यक्षानं. हार गळ्यात घालून लांबलचक बोलला, त्यात काकांचं नावही नाही. त्याचा मला अजून राग येतो, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचा त्याहून जास्त. काका बादली घेऊन रांगेत उभे होते. जिन्यात गाठून मी त्यांच्यावरच ओरडलो, की तो नळ तुमच्या हातानं सुटायला हवा होता, कुठला नियम घेऊन बसलात?

काका चिडले नाहीत. “मलाही तेच हवं होतं हो,” ते म्हणाले. “फार हवं होतं. म्हणून तर स्वतःची भीती वाटली.”

मी बादलीला हात घातला. एरवी कुणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी त्यांनी ती मला नेऊ दिली, आणि कठड्याला धरून माझ्यामागून सावकाश वर आले.