ओहायोचं लेथ, कॉव्हेंट्रीचा मुक्काम

खरं तर कॉट्सवोल्ड्सला जायचं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळी कॉव्हेंट्रीहून प्रभाकरकाकांचा फोन आला. "अगं, उद्या फॅक्टरी फॅमिलीजसाठी ओपन आहे. बारा वाजता पॉवर कट, फॉर गुड. तुझ्या बाबांना माझ्या मशीनचा आवाज ऐकव, ये."

बाबा आणि काका भोसरीत एकाच शॉपमध्ये टर्नर होते. बाबा तिथेच रिटायर झाले, काका इकडे इंग्लंडला आले. नाही म्हणायची सोयच नव्हती.

माझ्यासारखे बेसिंगस्टोकहून गाडीनं जाणार असाल तर न्यूबरीवरून ए-थर्टीफोर धरा, पुढे एम-फोर्टी. दोन तास पुरतात, पण ऑक्सफर्डपाशी गाड्या तुंबतात, म्हणून लवकर निघा. हायवेवरच्या सर्व्हिसेसमधलं चीज सँडविच घेऊ नका, मी तीन पाउंड देऊन पुठ्ठा खाल्ला. कॉव्हेंट्रीत फोलशिल रोडला गरम समोसे मिळतात, तिथवर कळ काढा.

रस्ताभर काकांचंच डोक्यात होतं. अमेरिकन मालकांनी सगळं काम पुण्याजवळ चाकणला हलवलंय. मशीनबरोबर सहा महिने जा आणि तिथल्या लोकांना शिकवा, असं काकांना सांगितलंय. उत्तर सोमवारी द्यायचं. "म्हणजे माझा जॉब मीच पॅक करून पाठवायचा," काका फोनवर म्हणाले होते. मला मालकांचा राग यायला हवा होता. पण मी इथे करते काय? ऑफिसातल्या ॲलनकडून त्याचं काम समजून घेते आणि पुण्याच्या टीमला शिकवते. आम्ही या प्रकाराला केटी म्हणतो, नॉलेज ट्रान्सफर. शिकवून संपलं की ॲलन कायमचा घरी जाणार. मग राग नेमका कुणाचा करायचा?

शेड अर्धी रिकामी होती. काकांच्या हिरव्या लेथवर पितळी पट्टी होती: ओहायो, यू.एस.ए.

"युद्धानंतर बोटीनं आलं हे," काका म्हणाले. "मध्यंतरी एक गिअर हवा होता, ओहायोला फोन लावला. ती फॅक्टरीच बंद! आता तिथे वेअरहाऊस आहे. मशीन अमेरिकेचं, ओनर अमेरिकेचा, आणि तिथे बनवणारा कुणी उरला नाही."

म्हणजे आधी ओहायोवाले गेले, आता कॉव्हेंट्रीवाले. मी पार गोंधळले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. दर वर्षी शिफ्ट संपली की काका मशीनची पूजा करायचे. शेजारच्या लेथवरचा केन आधी हसायचा, पुढे तोच फुलं आणायला लागला. आजही पेट्रोल पंपावरची पिवळी शेवंती घेऊन आला होता. काकांनी लेथला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, हात जोडले. मी कॉलिंग कार्डवरून पुण्याला बाबांना फोन लावला आणि मोबाईल मशीनपाशी धरला.

काकांचा हात स्विचपाशी जाऊन थांबला. चेहरा एकदम उतरला.

"अगं, पूजा झाली की! पूजेतलं हत्यार आज आता चालवता येत नाही."

दर वर्षी काम आधी व्हायचं. आज शिफ्टच नव्हती, म्हणून सवयीनं पूजा आधी झाली.

"जस्ट स्विच इट ऑन, मेट," केन घड्याळ दाखवत म्हणाला. बाराला दहा कमी होते.

मलाही वाटलं, लावा हो, कोण बघतंय? फोनवर बाबा सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "प्रभाकर, राहू दे रे."

काकांनी स्विचवरून हात मागे घेतला. बारा वाजता दिवे गेले. केननं टोपी काढली. मला रडू आलं, आणि ते नक्की कुणासाठी हे अजून कळलेलं नाही.

पार्किंगमध्ये समोसे खाताना काका म्हणाले, "पूजा केलेलं मशीन पुन्हा सुरू करायला कुणी तरी हवं ना? मंडेला हो म्हणून टाकतो. चाकणला पहिल्यांदा मीच लावीन. शिकवायचं की नाही, ते तिथे बघू."

सहलीचे फोटो तीनच आहेत, तेही अंधारात हललेले. सोमवारी ऑफिसात ॲलननं नेहमीसारखा माझाही चहा आणला आणि केटीची यादी उघडली. आज नको, म्हणाले मी. त्यानं कारण विचारलं. मी काय सांगणार? खंडेनवमी तर परवाच होऊन गेली होती.