गाडीत चढलेलं पुस्तक

तिचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावायची सोय नव्हती. भावाच्या घरात बाहेरच्या खोलीत ती आणि तिची मुलगी झोपत. गजर वाजला असता तर सगळं घर जागं झालं असतं. म्हणून ती आपली आपण उठायची, अंधारात अंथरूण गुंडाळायची आणि चपला हातात घेऊन दाराबाहेर पडायची. सहाला ती गोदामात पॅकिंगच्या टेबलाशी उभी असे.

मी त्या गोदामात गाड्या भरायचो. आता घरी बसलोय. कामावर माणसं पुष्कळ पाहिली. काम चुकवणारी, काम करणारी, आणि स्वतःचं काम करता करता शेजारच्याचंही हलकं करणारी. तिसऱ्या प्रकारची फार थोडी भेटली. ही त्यातली एक.

आमच्या गोदामातून पुस्तकं जात, सिनेमाच्या सीडी जात, आणि पुन्हा फॅशनमध्ये आलेल्या गाण्यांच्या मोठ्या काळ्या तबकड्या जात. आज्यांनी भंगारात घातलेल्या तबकड्या नातवंडं दामदुप्पट मोजून मागवत. वर्षभर काम बेताचं असे. सुट्ट्या जवळ आल्या की सगळ्या जगाला एकाच आठवड्यात माया फुटे, आणि ती खोक्यात घालून वेळेवर पाठवण्याची जबाबदारी आमची. त्या दिवसांत जेवणाची सुट्टी निम्मी होई आणि माणसं दुप्पट. जादा माणसं हंगामापुरती असत. हंगाम संपला की त्यातल्या दोन-तीन जणांना कायम करत, बाकीच्यांना नमस्कार.

ती हंगामी होती. तिला कायम व्हायचं होतं, आणि ते ती लपवत नसे. कायम झाल्याशिवाय कोणी घरमालक तिला खोली देत नव्हता.

"भाऊ बोलत नाही गं काही," ती एकदा शेजारच्या बाईला म्हणाली. "वहिनीही वाईट नाही. पण रोज पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं? पाहुण्यालाही कंटाळा येतो स्वतःचा."

तिच्या टेबलावर तिला धरून चौघी होत्या. त्यांतली सगळ्यात जुनी मावशी. ती कोणाचीच मावशी नव्हती, तरी सगळ्यांना मावशीसारखीच बोले. पर्यवेक्षकाला आम्ही 'आवरा' म्हणायचो. तो दुसरं काही बोलतच नसे. सकाळी आल्यावर आवरा, जाताना आवरा. त्याच्याही डोक्यावर वरून कोणीतरी 'आवरा' म्हणत असणार, हे मला पुढे कळलं.

त्या वर्षी आवराने गोदामात स्पीकर लावले. जलद गाणी लावली की हात जलद चालतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. नवीनच गाणी होती, आणि तीच ती फिरून येत.

"ही गाणी आहेत की पिठाची गिरणी?" मावशी म्हणाली. "आधी ढोल, मग ढोल, मग कोणीतरी ओरडतं, की पुन्हा ढोल."

"मधलं एक बरं आहे, मावशी. ती हळू आवाजातली पोरगी."

"ती बरी आहे. पण ती गायला लागली की हे बंद करतात."

खरी गोष्ट अशी की गाण्यांनी चुका वाढल्या. हात ढोलाबरोबर पळत, डोळे मागे राहत. तिसऱ्या दिवशी स्पीकर मुके झाले. ते कोणी केले ते मला माहीत आहे, पण ती बाई अजून नोकरीत आहे.

स्पीकर गेले आणि तिच्या गोष्टी सुरू झाल्या. बसच्या थांब्याजवळ वाचनालय होतं. तिथून ती पुस्तक आणायची, येता-जाता बसमध्ये वाचायची आणि वाचलेलं टेबलावर सांगायची. जुनं नाही, नवंच आणायची. म्हणायची, "मेलेल्या लेखकाचं पुस्तक थांबेल की. जिवंत आहे त्याचं आधी वाचावं, त्याला बरं वाटेल." सांगायची अशी की शेजारच्या टेबलावरच्या बायका कात्री मागायच्या निमित्ताने येऊन उभ्या राहत. मधेच थांबली की चौघी-पाचजणी एकदम विचारत, "पुढे काय?" तेच तिचं नाव पडलं. पुढे-काय ताई.

मावशीचा विषय सिनेमा. ती दर आठवड्याला पाहून यायची आणि दर आठवड्याला चिडायची. "अडीच तास बसले. पाठ मोडली. शेवटी काय, तर उरलेलं दुसऱ्या भागात. अर्धी साडी विकली असती का कोणी?"

त्यांच्या टेबलावर एक रीत पडली होती. चिकटपट्टी ओढताना कर्र्र असा आवाज होतो, त्यात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून जी गोष्ट सांगेल तिने पट्टी ओढायची नाही. तिने भेटीच्या वस्तू रंगीत कागदात गुंडाळायच्या. ते काम बिनआवाजी. तिच्या वाटची खोकी बाकीच्या तिघी चिकटवत. कोणी मोजत बसलं नाही. गोष्ट चालू असली की मालही जास्त निघे, हे मी गाडीवरून पाहत होतो. माझ्या पाठीला ते कळायचं.

त्या आठवड्यातलं पुस्तक दोन भावांचं होतं. दोघांची मिळून एक होडी. माणसं नदीपलीकडे सोडायची. काहीतरी बिनसतं आणि दोघे एकमेकांशी बोलायचे बंद होतात. एक पुढे बसून वल्हवतो, एक मागे. वर्षानुवर्षं तीच होडी आणि अबोला. आधी कोण बोलणार, यावर टेबलावर दोन तट पडले.

"धाकटा बोलेल," मावशी म्हणाली. "पडतं धाकट्यालाच घ्यावं लागतं. मी सहांतली धाकटी आहे, मला विचार."

"थोरलाच बोलेल," ताई म्हणाली. "घर थोरल्यानेच धरून ठेवायचं असतं."

"तुझा भाऊ थोरलाच आहे ना, मग? तो बोलतो का आधी?"

पुढे-काय ताईने हसून रंगीत कागद पुढे ओढला.

सुट्टीच्या आधीचा शेवटचा मोठा दिवस. सकाळपासून कोणी मान वर केली नव्हती. ताईची शेवटची वीस-पंचवीस पानं राहिली होती. तिने डबा खाता खाता थोडी वाचली, घंटा झाली तसं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि कामाला लागली. ठेवलं ते भेटीच्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी.

दुपारी कागद संपला म्हणून तिने टेबल झाडलं, तर खाली एक पुस्तक सापडलं. कोरं करकरीत. पुठ्ठ्यावर लिहिलेलं, मोठ्या अक्षरांची आवृत्ती. आणि वाचनालयाचं पुस्तक कुठेच नव्हतं.

तिने ते गुंडाळून, वर फीत बांधून पाठवून दिलं होतं.

नवख्या बाईकडून अशी चूक होत नाही. नवखी प्रत्येक वस्तू उलटसुलट करून पाहते. हात तयार झाले की ते डोळ्यांना विचारत नाहीत. शेजारी आलं ते उचलतात आणि गुंडाळतात. कामात मुरलेल्या माणसाचीच ही चूक.

"गप्प बस," मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "तक्रार यायला सुट्टी उलटेल. कायमची नावं उद्या लागणार. उद्यानंतर येईना का तक्रार."

"वाचनालयाचं पुस्तक आहे, मावशी."

"भरून दे त्यांना. दंड काय, फाशी आहे का?"

ताई ते नवं पुस्तक हातात घेऊन उभी होती. पॅकिंगचा कागद पुढे ओढला, पुन्हा सोडला. मग म्हणाली, "चिठ्ठी मीच घातली होती आत. 'आजोबांसाठी' लिहिलेलं. मोठी अक्षरं कोणासाठी मागवतात गं? सगळ्यांसमोर उघडतील, आणि बारीक अक्षरांचं, कोपरे दुमडलेलं पुस्तक निघेल. त्यांना वाटेल, नातवंडांनी रद्दीतलं दिलं."

मावशीने तोंड फिरवलं. "जा मग. माझं ऐकणारी तू कधी होतीस?"

ती आधी माझ्याकडे आली. "दादा, गाडी गेली?"

"भरली आहे. दार लावायचंय."

"भेटीची खोकी कुठे आहेत?"

"सगळ्यात आत. लांबचा माल आधी चढतो."

ती तशीच आवराकडे गेली. मी मागे गेलो, कारण गाडी माझी होती. तिने लपवाछपवी केली नाही, रडारडही नाही. सांगितलं, असं झालं, माझ्या हातून झालं, गाडी अजून दारात आहे.

आवराने कपाळ चोळलं. "आज? आजच सुचलं? कळतंय का, गाडी उशिरा सुटली की मला विचारतात. तुम्हाला नाही, मला."

"कळतंय, साहेब."

"चुकीचं खोकं गेलं की हंगामी माणसाचं नाव जातं. हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "कंपनीच्या वेळेत गाडी उतरवायची नाही. चहाची सुट्टी तुमची आहे. त्यात काय करायचं ते करा. आवरा."

त्या दिवसात बसायला मिळणारी ती शेवटची सुट्टी होती. पाय सुजलेले. मी गाडीत चढलो आणि म्हणालो, उतरवायला मला दोन माणसं पुरेत. खाली पाहतो तर मावशी पदर खोचून उभी. तिच्यामागे टेबलावरच्या दोघी, त्यांच्यामागे शेजारच्या टेबलावरच्या.

मी रांग लावली. ओझं छातीशी धरायचं. कंबर वळवायची नाही, पाय वळवायचे. खोकं हवेत टाकायचं नाही, समोरच्याच्या हातात गेलं की मगच सोडायचं. बायकांनी हे मला दोनदा सांगायला लावलं नाही. खोकी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. कोणी बोलत नव्हतं, फक्त मावशी मधून मधून "पुढे काय? पुढे काय?" म्हणत खोकं पुढे ढकलत होती, आणि दमलेल्या बायका हसत होत्या.

फीत बांधलेली खोकी हाती लागली. प्रत्येक खोक्यावर बांधणारीचा नंबर असे; ताईने स्वतःचा नंबर पाहून तीन-चार बाजूला काढली. तिसऱ्यात होडीवाले भाऊ निघाले. तिने तिथेच जमिनीवर बसून मोठ्या अक्षरांचं पुस्तक गुंडाळलं, चिठ्ठी घातली, घडी नखाने दाबली. घाईतही कोपरा वाकडा केला नाही. मग आम्ही सगळा माल परत चढवला. चढवणं उतरवण्यापेक्षा जड जातं, कारण तोवर आशा संपलेली असते. त्या दिवशी तसं वाटलं नाही.

गाडी उशिराच सुटली. उशिराचं कारण लिहायच्या जागी आवराने स्वतःची सही केली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिने शेवट वाचून दाखवला. एक म्हातारी होडीत बसते आणि विचारते, "तुमच्यात थोरला कोण रे?" आणि दोघे भाऊ एकदम उत्तर देतात.

"काय उत्तर देतात?" मावशीने विचारलं.

"एवढंच आहे. इथे संपतं."

"हेही अर्धंच," मावशी म्हणाली. पण डोळे पुसले. मी पाहिलं.

संध्याकाळी आवरा टेबलाशी आला. ताईने आवराआवर केलेली होती, डबा पिशवीत घातलेला. निरोपाची तयारीच होती ती.

"सोमवारी या," तो म्हणाला. "कायम म्हणून."

तिने पिशवी परत टेबलावर ठेवली, तसा तो पुढे म्हणाला, "गाडी दारातून गेली नव्हती. म्हणजे चूकही गेली नव्हती. आणि दुसरं असं, की चूक झाली तर तुम्ही सांगायला येता. या टेबलाकडे मला वळून बघावं लागणार नाही. मला बघायला पुष्कळ टेबलं आहेत."

"साहेब, बसा की. चहा घ्या आमच्यातला," मावशी म्हणाली. तो बसला. आधी कधी बसला नव्हता.

त्या बाईने माझ्यासाठी वेगळं काही केलं नाही. तरी त्या वर्षांची आठवण झाली की पाठदुखी आठवत नाही, तिची पुस्तकं आठवतात. मी गाडीत असायचो, अर्धंच ऐकू यायचं. ते अर्धंही मला पुरलं. आता मी वाचनालयात जातो. तिथल्या बाई विचारतात, काय हवं? मी म्हणतो, नवीन काही द्या. जिवंत माणसाचं.

पुढच्या पावसाळ्याआधी ताईने खोली घेतली. अनामत रक्कम तिच्या पगारातून, भावाकडून एक पैसा नाही. भाऊ स्वतः सामान पोचवायला आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "हवा चांगली आहे गं इथे." सामान इतकं थोडं की मला दोन खेपाही लागल्या नाहीत. एक खोली, एक मोरी, खिडकीखाली ओटा. दाराला आतून कडी नव्हती. ती तिने त्याच दिवशी सुताराला बोलावून बसवून घेतली, आणि आम्ही सगळे आत असताना एकदा लावून पाहिली.

तिच्या पगाराने घेतलं ते हे. आतून लावता येणारं एक दार.