धोतराखालची जखम

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. सरकारी दवाखान्यात त्वचा विभागाच्या बाकावर मी माझी खरूज घेऊन बसलो होतो. शेजारी मुकुंदवाडीचे एक काका होते, औद्योगिक वसाहतीत हमाली करणारे. वर्षानुवर्षं धोतर करकचून बांधल्यानं कमरेला जखम झाली होती आणि आता तिचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. काकांचं लक्ष मात्र बाहेरच्या दरवाजाकडं.

मी घरातला पहिलाच एम.एस्सी. असल्यानं कुणी न विचारताही शिकवत असे. म्हणालो, “काका, पेशींची वाढ रोखणारं एक जनुक असतं. तुमच्या जखमेतल्या पेशींत ते आहे, पण बंद पडलंय. म्हणून त्या वाढतच चालल्यात.”

“जागेवर हाय, पन काम करीत नाय?”

“हो.”

“म्हंजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठरावच की! पास झाला लई धूमधडाक्यात, अंमल कुठंच नाय.” धोतर पुन्हा आवळत ते हसले. मग हळूच म्हणाले, “आपोआप सुरू व्हईल का वो, गुर्जी?”

“नाही.”

“मंग त्या ठरावावानी किती दिस वाट बघू?”

नाव पुकारलं गेलं. काकांनी धोतराची गाठ सैल केली आणि ते आत गेले. माझा धडा अजून बराच बाकी होता.