नातीचा रुमाल मी उन्हात वाळवला

मैत्रिणींनो, ऐंशीच्या दशकात सौंसरला विहिरीवरून भिजून आलो की आपल्या आया ओले कपडे आधी उन्हात टाकायला लावायच्या, आठवतं?

आज नातीच्या डायव्हिंग स्पर्धेत मी तेच केलं. दोन उड्यांच्या मध्ये अंग आखडू नये म्हणून मीनल गरम शॉवरखाली गेली. तेवढ्यात तिचा स्पंजासारखा ओला रुमाल मी पिळून भर उन्हात वाळत घातला. तो पापडासारखा कडक झाला.

“आजी, काय करून राहिली तू? हा ओलसर असला तरच पाणी शोषते. पाय ओले राहिले का गुडघे धरताना हात सटकते नं.”

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. हवेत तिचे हात सुटले, पदक गेलं. नंतर तीच माझी समजूत काढत होती. माझी मान वर होईना.

उद्या तिची दुसऱ्या प्रकारातली शेवटची फेरी आहे. सुधा, तू स्पर्धेला जाशील तेव्हा तिच्यासाठी घेतलेली संत्री मीनलला दे, नवा रुमाल तिच्या कोचला. माझ्या हाती काही देऊ नका.