बांड्याची चाल

सेलूच्या बाजारओळीत रूपरावची रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. माणूस काटकुळा. चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. गिऱ्हाईक आलं की तो आधी रेडिओ कानाशी धरून हलवायचा, शेंग भरली की नाही ते पाहावं तसा. मग म्हणायचा, "दोन दिवसानं येजो." दोन दिवसांचे आठ दिवस व्हायचे. कारण रूपरावचं लक्ष पेटीत असायचं.

१९७१ साली त्याने मेलेल्या रेडिओंचे सुटे भाग जमवून एका सागवानी खोक्यात यंत्र बसवलं होतं. वर सहा गोल बटणं. एक पिळलं की बैलाच्या घुंगरमाळेचा आवाज यायचा. दुसऱ्यातून कपाशीत शिरलेला वारा. तिसऱ्यातून लांबून येणाऱ्या रेंगीच्या, छोट्या बैलगाडीच्या, चाकाची करकर. यातलं काहीही खरं नव्हतं, सगळं विजेचं होतं. पण ऐकणारा मान वळवून बघायचा. हार्मोनियम म्हणजे पेटी, आणि ही विजेवरची, म्हणून गावाने तिला करंट पेटी म्हटलं. महिन्याभरात कोणीतरी तिला एक वेलांटी लावली. करंटी पेटी. तेच नाव टिकलं.

त्याची बायको आनंदाबाई. चार एकर शेत तीच पाहायची. कपाशीच्या तासांमधलं तण काढायला बैलजोडीमागे डवरा धरून चालावं लागतं. ते काम बाप्यांचं समजलं जाई. आनंदाबाई स्वतः डवरा धरायची.

"बायकोच्या हाती डवरा, नवऱ्याच्या हाती रेडिओ," लोक म्हणत.

"तुमच्या घरी दोघाइच्याही हाती काई नाई," ती म्हणायची. "त्याचं काय करता?"

जोडीतला उजवा बैल बांड्या. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं. तास संपला की आनंदाबाई हाक द्यायची, "वळ बांड्या, वळ." आवाज बारीक, धारदार. हाकेच्या शेवटी थोडं हसू. कारण बांड्या नेहमी डावीकडे बघून उजवीकडे वळायचा.

रूपराव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून बांड्याची पावलं मोजायचा. त्याने पेटीचा सगळा ठेका त्या पावलांवर बांधला. मग विहिरीच्या मोटरपंपावरून तार ओढून स्पूलचा टेपरेकॉर्डर शेतात नेला. पेटी, आनंदाबाईची हाक आणि बांड्याचं चालणं एकाच टेपेवर घेतलं. पाच टेपा झाल्या. प्रत्येक डब्यावर त्याने शिसपेन्सिलीने लिहिलं, ७॥.

१९७३ च्या पोळ्याला तोरणाखाली बैल उभे होते. झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या. मग रूपराव आणि आनंदाबाई पेटी घेऊन बसले. पाच मिनिटंही झाली नसतील. कोणीतरी कपाशीची हिरवी बोंडं फेकली. एक आनंदाबाईच्या कपाळाला लागलं. वर्ध्याहून हरिभाऊ नावाचे वकील पाहुणे म्हणून आले होते. ते उठले. "या किरकिरीनं बैल बुजतील," म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने तार उपटली. बैल बुजले नव्हते. बांड्या कान टवकारून पेटीकडे बघत होता.

त्यानंतर दोघांनी लोकांपुढे कधी वाजवलं नाही. शेतात वाजवत राहिले. १९७८ मध्ये आनंदाबाई काविळीने गेली. रूपरावने पेटीवर तिचं लुगडं टाकलं. त्याच उन्हाळ्यात विजेच्या झटक्याने टेपरेकॉर्डरही जळाला. त्याने तो दुरुस्त केला नाही. साऱ्या तालुक्याचे रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.

कृष्णकांत १९८२ साली सेलूच्या शाळेत मराठी शिकवायला आला. मराठी घेऊन एमए झालेला, चोवीस वर्षांचा. ट्रान्झिस्टर दुरुस्तीला घेऊन गेला आणि टपरीतच बसू लागला. रूपराव त्याला पेटीचं सांगायचा. आनंदाबाईचंही सांगायचा. ती डवरा धरायची हे, तिला कोणी उलटून बोलू शकत नसे हे, ती बैलाला हाक मारायची हे. फक्त त्या टेपा काढत नसे. शेवटी दोन वर्षांनी त्याने पाचही डबे कृष्णकांतच्या झोळीत टाकले.

"कोणापाशी मशीन असन तं आयका," म्हणाला. "मले सांगू नका कसं वाटलं."

मशीन वर्ध्याला हरिभाऊंकडे होतं. तेच हरिभाऊ. वकिली सोडून आता श्रवण मंडळ चालवत होते. कृष्णकांतला पोळ्याची गोष्ट माहीत होती, पण तो वकील हाच, हे माहीत नव्हतं. रूपरावने कधी नाव घेतलंच नव्हतं.

हरिभाऊंनी डबा हातात घेतला. "काय लिहिलंय?"

"सात," कृष्णकांत म्हणाला. "आणि पुढे दोन दंड. ओवीच्या शेवटी देतात तसे. म्हणजे ही सातवी रचना असावी."

हरिभाऊंनी त्याच्याकडे बघितलं.  टेप लावली.

खोलीत एक खोल, जाड, सुस्त आवाज पसरला. घुंगरं नव्हती, घंटा होत्या, देवळातल्यासारख्या. वारा नव्हता, घोंघावणारं काहीतरी होतं. आणि त्या सगळ्याच्या तळातून एक म्हातारा पुरुष लांबच लांब हाक देत होता. कृष्णकांतच्या अंगावर काटा आला. हा म्हातारा कोण, असं त्याला वाटलं. आनंदाबाईचा बाप असेल, असं त्यानेच ठरवलं. कसं वाटलं ते सांगू नका असं रूपरावने बजावलं होतं, म्हणून त्याने विचारलंही नाही, आणि त्याला ते सोयीचंही होतं.

तो म्हातारा काय म्हणतो, यावर मंडळात तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, 'ब्रह्मांडा, वळ.' पहिलं अक्षर टेपेत झिजलं असणार.

कृष्णकांतने त्यावर लेख लिहिला. चौदा पानांचा. 'भूमीचा आदिपुरुष' असं नाव दिलं. हरिभाऊंनी तो पुस्तिका म्हणून छापला. टेपेच्या कॅसेटी निघाल्या, त्या हिंगणघाटपर्यंत गेल्या. रविवारी दुपारी मंडळाचे तीसेक लोक सतरंजीवर डोळे मिटून पडायचे आणि ब्रह्मांड वळण्याची वाट बघायचे. विदर्भाने या कलावंताची उपेक्षा केली, असं एकमेकांना सांगायचे. आपण मात्र पहिल्यापासून ओळखून होतो, असंही सांगायचे. हरिभाऊ म्हणायचे, "त्र्याहत्तर साली मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय. सेलूच्या पोळ्याला. भारावून गेलो होतो."

हे वाक्य कृष्णकांतने प्रथम ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. तार उपटणारा वकील कोण, ते त्याला तिथे कळलं. पण लेख छापून झाला होता. लोक त्याला नमस्कार करत होते. तो गप्प राहिला.

१९८६ च्या फेब्रुवारीत मंडळाने वर्ध्याला रूपरावचा सत्कार ठरवला. कृष्णकांत निमंत्रणपत्रिका घेऊन टपरीत गेला. सोबत कॅसेट आणि वाजवायला उसना टेप. "आता तरी ऐका," म्हणाला. "लोक वेडे झालेत."

रूपरावच्या शेताशेजारचे बबनराव टपरीत बसले होते. पन्नास वर्षं बैलांमागे चाललेला माणूस. रूपरावने हातातला रेडिओ बाजूला ठेवला. चष्मा काढला. "लावा," म्हणाला.

कॅसेट सुरू झाली. बबनरावांनी कान दिला. थोड्या वेळाने म्हणाले, "बैल बिमार होय का हा?"

"कोणता बैल?" कृष्णकांतने विचारलं.

"हाच. पाय फरफटवून राह्यला पाह्य. असा चालणारा बैल तासाच्या मधातच बसते, मास्तर. याले डाक्टरकडे न्या."

मग म्हाताऱ्याची हाक आली.  हाक दुसऱ्यांदा आली. रूपरावने हात पुढे करून टेप बंद केला.

"हा कोण माणूस होय?"

"तुमचे सासरे ना?"

"माह्या सासऱ्यानं जनमात बैल हाकला नाई. दुकान होतं त्याईचं." रूपरावने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आनंदा कोठी हाये, मास्तर? तिले काऊन काढलं?"

 कृष्णकांतने डब्यावरच्या आकड्याचं सांगितलं. सात आणि दोन दंड. सातवी रचना.

रूपराव म्हणाला, "साडेसात होय ते. टेपेचा स्पीड. एका सेकंदाले साडेसात इंच. तुमी पावणेचारवर लावली. अर्ध्या चालीवर. बाईचा बाप्या केला तुमी." मग विचारलं, "बीए कशात झालं तुमचं?"

"मराठीत."

"आन् एमए?"

"मराठीत."

"मंग बराबर हाये."

बबनराव हसले. रूपरावही क्षणभर हसला. "साडेसातची टेप, म्हून साडेसाती," म्हणाला, आणि हसता हसताच त्याने तोंड फिरवलं. लुगड्याखालच्या पेटीकडे बघत बसला.

"मी येतो सत्काराले," शेवटी बोलला. "शाल नाई पाह्यजे. तिचा आवाज एक डाव भोंग्यातून आयकवा. तिचाच. त्या पोळ्याले अर्धाच आयकला होता लोकाईनं. बस, एवढंच करा."

कृष्णकांत त्याच दुपारी वर्ध्याला गेला. त्याने हरिभाऊंना सगळं सांगितलं. आपली चूक, आपला आकडा. हरिभाऊ पेरू कापत होते. त्याच्यासमोरही एक फोड सरकवली.

"सात आणि दोन दंड म्हणजे साडेसात, हे मला वाचता येत नाही असं वाटलं तुम्हाला?" ते म्हणाले. "पावकी-निमकी पाठ केलेली पिढी आमची. पहिल्याच दिवशी तुम्ही गेल्यावर मी ती साडेसातवर लावून बघितली."

"मग?"

"मग काय. शेतात बाई बैल हाकतेय. असल्या बाया रस्त्याने जाता येता ऐकू येतात." त्यांनी पेरूला मीठ लावलं. "हळू लावली की संगीत होतं. तुम्ही साहित्याचे. तुम्हाला हे मी सांगायचं?"

कृष्णकांतने ती फोड तोंडात घातली होती. ती गिळवेना. हरिभाऊंच्या हनुवटीवर पेरूची बी चिकटली होती, बोलताना ती वरखाली होत होती. आणि सगळ्यात घाण याची वाटत होती, की संथ लयीमुळेच हाकेचं संगीत होतं, असं हेच वाक्य जरा बऱ्या शब्दांत त्याच्या लेखाच्या नवव्या पानावर होतं. त्याने बाहेर जाऊन नालीत फोड थुंकली.

परत आत आला तेव्हा हरिभाऊ म्हणाले, "त्यांची हौस असेल तर शेवटी वाजवू एखादा मिनिट. पाहू."

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं. मंचावर स्पूलचं मशीन, दोन भोंगे, एक समई. रूपराव धुतलेल्या धोतरात आला. मंडळाकडून परत मागून घेतलेले पाचही डबे मांडीवर धरून बसला. हरिभाऊंनी त्याच्या खांद्यावर शाल घातलीच, भाषण केलं, भारावून गेल्याचं पुन्हा सांगितलं. मग त्यांतली एक टेप लागली. पावणेचारवर. तीनशे माणसांनी डोळे मिटले. म्हातारा ब्रह्मांडाला वळायला सांगत होता. एका बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. कृष्णकांतला त्या पाण्याचीही शिसारी आली, आणि ती येऊ नये असंही वाटलं.

टेप थांबवून हरिभाऊंनी रूपरावला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माईकपाशी गेला.

"हा जो म्हातारा तुमी आयकला," तो म्हणाला, "तो म्हातारा नाई. माही बायको होय."

 मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "वा. मातीला बायको म्हणाले." शेजारी म्हणाला, "प्रकृती आणि पुरुष एकच. काय सहज बोलून गेला माणूस."

"खरंच बायको होय," रूपराव म्हणाला. "आनंदा नाव होतं."

टाळ्या वाढल्या. आनंद, आनंद, असं कोणीतरी पुटपुटलं.

रूपरावने कृष्णकांतकडे बघितलं. कृष्णकांत उठला, मशीनपाशी गेला. त्याने टेप थोडी मागे घेतली, वेगाचं बटण फिरवलं आणि सुरू केली.

घुंगरं वाजली. खऱ्या चालीवरची घुंगरं, उडती, कामात असलेली. पाठोपाठ बैलाची पावलं, भरभर. आणि भोंग्यातून, बारीक, धारदार, "वळ बांड्या, वळ." शेवटी हसू.

सभागृह हसलं. आधी मागची रांग, मग सगळेच. "टेप पळाली," कोणी म्हणालं. "उंदीर बोलतोय." ज्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं त्यांनी कानावर हात ठेवले. हाक दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली. चौथ्या हाकेच्या मध्येच हरिभाऊ खुर्चीवरून उठले आणि त्यांनी तार उपटली.

तेरा वर्षांत त्या हाताची सवय गेली नव्हती.

रूपरावने खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. मशीनवरची टेप काढून डब्यात घातली. त्याला कोणी अडवलं नाही. हरिभाऊ माईकवरून तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमा मागत होते.

सेलूच्या एसटीत दोघांना मागची जागा मिळाली. पवनार मागे पडलं.

"तीन डाव पुरी आली," रूपराव मग म्हणाला. "चवथी अर्धी."

"हो."

"हसते शेवटी. आयकलं नं तुमी?"

"ऐकलं."

"तिचं हसणं आयकलं म्हणा. त्याईचं नाई."

"तिचं ऐकलं."

रूपरावने मान हलवली. खिशातून शिसपेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं. गाडी हिसके देत होती, तरी त्याने पाचही डब्यांवर त्या आकड्याखाली सावकाश, सुटी सुटी अक्षरं लिहिली. मग पहिला डबा कृष्णकांतपुढे धरला.

"वाचा, मास्तर."

"साडेसात," कृष्णकांतने वाचलं.

रूपरावने दुसरा डबा पुढे केला.