तळातल्या टीमची गाडी

करंजाड्यातलं माझं रेती-खडीचं दुकान रविवारी दुपारी बंद असतं. तेव्हा मी आणि मुलगी टीव्हीसमोर व्हिडिओ गेमचं स्टिअरिंग मांडून बसतो. हे वेड तिनेच कॉलेजातून घरी आणलं. गेममध्ये मोटार शर्यतींची अख्खी लीग आहे. टीम असतात, करार असतात, सीझनभर गुण जमवायचे असतात. आम्ही दोघं एकाच लीगमध्ये आपापला ड्रायव्हर घेऊन उतरतो.

मागच्या सीझनच्या सुरुवातीला एका तगड्या टीमने आम्हा दोघांनाही बोलावलं. एका टीमच्या दोनच गाड्या, म्हणजे बाप-लेक शेजारी शेजारी. मुलीने लगेच होकाराचं बटण दाबलं. मी नकाराचं दाबलं.

"पप्पा, काय केलंत हे?"

"थांब गं. आता वाढवून देतील."

एका जुन्या टेम्पोपासून मी धंदा उभा केला तो असाच. उरणचा बिल्डर असो की रोडपालीचा कंत्राटदार, पहिल्या भावाला नाही म्हणायचं, चपला घालायच्या आणि दाराकडे निघायचं. मागून हाक येतेच. पडद्यावरून आली नाही. माझी जागा कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरला गेली आणि मला घ्यायला उरली फक्त तळातली टीम. मी असा भडकलो की रिमोट सोफ्यावर आपटला.

"मशिनीशी कसले भांडता?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिला कान हायत का?"

बायकोला हसू येत होतं, मला मात्र ते लागलं होतं. मुलीशेजारची जागा माझी होती. पुढच्या करारात ती परत मिळवायची, एवढंच डोक्यात घेऊन मी सीझनभर त्या ड्रायव्हरच्या मागे लागलो. सरळ रस्त्यावर माझी गाडी मार खायची. वळणावर मात्र मी ब्रेक उशिरा दाबायचो आणि आतून घुसायचो.

"पप्पा, टायर झिजवून खाताय तुम्ही!"

"खाऊ दे. त्याला सोडत नाही."

शेवटच्या शर्यतीत त्याला मागे टाकलं तेव्हा मी एवढा ओरडलो की खालचा वॉचमन वर बघायला आला.

पण सगळ्या सीझनचे गुण त्याचेच जास्त होते. टीमने त्यालाच ठेवलं. मला पुन्हा आमच्या तळातल्यांनीच विचारलं. या वेळी मी घासाघीस न करता होकाराचं बटण दाबलं. मग बघतो तर मुलीने आपल्या टीमला नकार देऊन आमची दुसरी गाडी घेतलेली.

"डोकं फिरलंय का तुझं? चालता धंदा सोडून कुणी बंद गाळ्यात येतं?"

"तो मुका ड्रायव्हर कंटाळवाणा आहे, पप्पा. तुम्ही निदान शिव्या तरी घालता."

नवा सीझन चालू आहे. त्या तगड्या टीमवरचा राग गेलेला नाही. त्यांची गाडी मागून आली की मी वाट देत नाही. आम्ही दोघं शेवटच्या रांगेतून सुटतो, एका रंगाच्या दोन गाड्या, आणि पोरगी मला पहिल्या वळणापर्यंतसुद्धा पुढे जाऊ देत नाही.