शेजाऱ्यांनी सांगितलेली बायको

लिफ्टमनला सगळी इमारत ‘वरखाली’ म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि तो हसायचा. दुसरं करणार काय बिचारा? दिवसभर लोकांना आपापल्या मजल्यावर पोहोचवायचं आणि रात्री जिन्यामागच्या खोलीत बायकोची कूस बदलायची, यात त्याची नऊ वर्षं सरली. ती अंथरुणाला खिळलेली. कुणी विचारलंच, “घरी कशी आहे?” तर तो “बरी आहे” म्हणायचा. तेवढ्यात विचारणाऱ्याचा मजला यायचा आणि विषय मिटायचा.

उन्हाळ्यात ती गेली.

हिवाळ्यात वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र आली की इमारतीतली माणसं तिन्हीसांजेला अंगणात जमत. दिवे मालवायचे, मधोमध शेगडी पेटवायची आणि वर्षभरात गेलेल्यांच्या आठवणी सांगायच्या. आधी शेजाऱ्यांनी बोलायचं, घरच्याने शेवटी. एखाद्याबद्दल कुणीच बोललं नाही तर पुढच्या गेलेल्याचं नाव घ्यायचं, असला मेला नियम. यंदा वरखालीला सकाळपासून एकच घोर लागला होता. तिला पाहिलंय कुणी? बोलणार कोण?

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांबद्दल लोक भरभरून बोलले. मग सेक्रेटरी म्हणाले, “आपल्या लिफ्टमनची बायको.”

सगळे शेगडीकडे बघत बसले. कुणीतरी खोकलं. सेक्रेटरींनी पुढे सरकायला घसा साफ केला.

“अहो, ती नाही का,” दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “सकाळी कुंड्यांना पाणी घालायची. निळा स्वेटर. किती गोड बोलायची.”

ती वॉचमनची बहीण. गेल्या वर्षीच लग्न होऊन सासरी गेलेली. वॉचमनने चमकून वरखालीकडे पाहिलं. वरखालीने हळूच मान हलवली, बोलू नको म्हणून.

“हो हो, तीच,” शिंपीणबाई म्हणाल्या. “माझ्या धाकट्याला कडेवर घेऊन फाटकापर्यंत जायची.” मग आणखी दोघींना काहीबाही आठवलं. एकीने तर डोळ्यांना पदर लावला.

नऊ वर्षांत तिने उंबरठा ओलांडला नव्हता. वरखालीला राग आला, अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि हे थांबू नये असंही वाटत राहिलं.

“आता तुम्ही सांगा, काका,” सेक्रेटरी म्हणाले.

वरखाली उठला.

“चालायची फार भरभर,” तो म्हणाला. “मला गाठता यायचं नाही.”